थुंकी नको, बेडका द्या

दुपारची भाकरी झाली असेल, कुणी पाठ टेकली असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल. काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत ते जरा ओंगळ वाटेल अशा गोष्टीवर. तोंडातून जे बाहेर पडतं त्यावर. थुंकी, लाळ, बेडका, गुळणी. चारचौघींत हे शब्द आपण काढत नाही. पण दवाखान्यात तपासणीसाठी हेच मागतात, आणि नीट माहिती नसली तर काय होतं ते आम्ही आमच्या गटात पाहिलं आहे.

आमच्या गटातल्या एका बाईला दिवाळीपासून खोकला होता. तिचं नाव सांगत नाही, ती स्वतःच हा कार्यक्रम ऐकत असेल. संक्रांतीला हळदीकुंकवाला आली तेव्हा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, इतकी ती वाळली होती. आम्ही दोघी-तिघी तिला म्हणालो, बाई, थुंकी तपासून घे. ती काही दवाखान्यात जायला तयार होईना. मग आम्हीच उपकेंद्रातून डबी आणून तिच्या हातात ठेवली आणि म्हणालो, यात थुंकून दे, आम्ही पोचवतो. तिने दिली. आम्ही पोचवली. चार दिवसांनी कळलं, काही नाही निघालं. तिच्या घरचे खूश, आम्हीही खूश. सासूने लिंबू-मिरची उतरवून टाकली, खोकल्याचं औषध दुकानातून आलं.

पुढे पाच आठवड्यांनी तिच्या बेडक्यात रक्त आलं. मग धावाधाव. या वेळी तालुक्याला जो तपासनीस होता, त्याने तिची डबी उजेडात धरली आणि म्हणाला, काकू, ही नुसती लाळ आहे, याच्यात मी काय तपासू? आधीचीही अशीच असणार. त्याने तिला बाहेर मोकळ्यावर नेलं, कसा खोकायचं ते करून दाखवलं, पुन्हा डबी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, क्षय आहे. औषध लगेच चालू झालं आणि आज ती ठीक आहे, पण मधल्या पाच आठवड्यांत तिच्या मांडीवर तिचा नातू झोपत होता. त्यालाही तपासावं लागलं, त्यालाही गोळ्या घ्याव्या लागल्या.

चूक कुणाची? डबी आम्ही दिली होती. “यात थुंकून दे” असं आम्हीच म्हणालो होतो. तिने आम्ही सांगितलं तेच केलं. म्हणून आज हा विषय घेतला.

बघा, हा घोळ शब्दातच आहे. भिंतीवर लिहितात ‘थुंकीची तपासणी’. आपल्या भाषेत थुंकी म्हणजे तोंडात सुटते ती. पचकन टाकली की झालं. पण क्षयाचे जंतू राहतात फुप्फुसात, छातीच्या आत. तिथून खोकून वर येतो तो बेडका. कुणी त्याला कफ म्हणतात, कुणी खाकरा. लाळ पाण्यासारखी पातळ, पांढरी, तिच्यावर बुडबुडे. बेडका जाड, चिकट, पिवळसर नाहीतर हिरवट, कधी त्यात रक्ताचे धागे. तपासणीला हवा असतो तो हा. क्षयाच्या बाईच्या लाळेतही जंतू येऊ शकतात, नाही असं नाही, पण फार थोडे, आणि थोडे असले की ते सापडायचे राहून जातात. मग कागदावर येतं ‘जंतू आढळले नाहीत’ आणि बाई समजते ‘मला क्षय नाही’. या दोन वाक्यांत किती अंतर आहे!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीने एवढा काय फरक पडतो? पडतो. पाकिस्तानात रावळपिंडीच्या क्षय केंद्रात याचा नीट अभ्यास झाला आणि २००७ साली तो ‘लॅन्सेट’ नावाच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. तिथे पाहिलं होतं की तपासणीला आलेल्या पुरुषांमध्ये जंतू जास्त सापडतात, बायकांमध्ये कमी. बायकांना रोगच कमी होतो, की दुसरं काही आहे? मग त्यांनी सुमारे दीड हजार बायकांचे आणि तेवढ्याच पुरुषांचे दोन-दोन भाग केले. एका भागाला नेहमीसारखी डबी दिली. दुसऱ्या भागाला डबी देण्याआधी थोडा वेळ बसवून समजावलं, लाळ कोणती, बेडका कोणता, कसा काढायचा. बस, एवढंच. औषध नाही, यंत्र नाही. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्या बायकांत शंभरात आठ जणींना क्षय सापडला. ज्यांना समजावलं त्यांच्यात शंभरात तेरा जणींना. पुरुषांमध्ये समजावल्याने असा फरक पडला नाही.

या आकड्यांवर आमच्या बैठकीत बराच वेळ बोलणं झालं. शंभरात पाच जणी. त्या पाच जणी नुसती लाळ देऊन घरी गेल्या असत्या, चुलीपुढे बसल्या असत्या, लेकरांना जवळ घेऊन झोपल्या असत्या. सीमेपलीकडच्या बायकांची ही गोष्ट, पण कारण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. लहानपणापासून आपल्याला काय शिकवतात? पोरीने मोठ्याने हसू नये, मोठ्याने खोकू नये, खाकरू नये. पुरुष अंगणात उभा राहून खाकरतो, आखाड्यातल्या पैलवानासारखा. आपण पदर तोंडावर घेऊन ‘खुक्’ करतो. आणि दवाखान्यात डबी हातात देतात ती कुठे? लोकांच्या रांगेत. समोर गावचे चार जण बसलेले. अशा वेळी कोणती बाई पोटातून जोर लावून खोकेल? ती कोपऱ्यात तोंड करते, थोडी लाळ टाकते, झाकण लावते आणि सुटका करून घेते.

तर आता कसा द्यायचा ते नीट ऐका. आम्ही हळूहळू सांगतो.

डबी पारदर्शक असते, फिरकीच्या झाकणाची. काही ठिकाणी उभी नळी देतात. तिच्या अंगावर नाव आहे ना ते बघा. झाकणावर नको, अंगावर. झाकणं अदलाबदल होतात. एक डबी तिथल्या तिथे भरून घेतात आणि एक घरी देतात, सकाळची. ही सकाळची फार महत्त्वाची, कारण रात्रभर छातीत जमलेलं पहिल्या खोकल्यात वर येतं. उठल्यावर चहाच्याही आधी द्यायचं. आधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा, म्हणजे तोंडातलं उरलंसुरलं अन्न, तंबाखू निघून जाईल. मिशरी लावायची सवय असेल तर नमुना देईपर्यंत तिला हात लावू नका. पानाचा नाहीतर मिशरीचा रंग बेडक्यात उतरला की तपासणाऱ्याला रक्त कुठलं आणि रंग कुठला कळत नाही. (मिशरीवर आम्हाला बोलायचं आहेच, ते शेवटी.)

मग मोकळ्यावर जा. घरात नको, न्हाणीघरात तर मुळीच नको, कारण बंद जागेत खोकल्याचे तुषार तिथेच राहतात. परसात, झाडाखाली, वारा असेल तिथे. समोर कुणी उभं नको. आता खोल श्वास घ्या, छाती भरेपर्यंत. थोडा धरा, सोडा. असं दोन-तीन वेळा. मग शेवटच्या श्वासाला पोटातून जोर लावून खोका. जात्याचा खुंटा ओढताना जोर पोटातून लागतो ना, तसा. बेडका तोंडात आला की डबी ओठांशी धरून आत सोडा, बाहेर ओघळू देऊ नका. चहाचा लहान चमचा अर्धा ते पूर्ण भरेल इतका हवा. एका खोकल्यात नाही आला तर पुन्हा श्वास, पुन्हा खोका. झाकण घट्ट. हात साबणाने धुवा. डबी उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा.

आणि डबी देण्याआधी स्वतः उजेडात धरून बघा. नुसते बुडबुडे दिसले तर ती लाळ आहे. लाजू नका, सांगा, ताई, आला नाही, दुसरी डबी द्या. काहींना खरोखरच येत नाही. त्यांना दवाखान्यात मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका सोडवता येतो. लहान लेकरं तर बेडका थुंकतच नाहीत, गिळतात. मग त्यांच्या पोटातून नळीने नमुना घ्यावा लागतो. ते डॉक्टरांचं काम.

आमच्या गटाने आणखी एक केलं. आरोग्य उपकेंद्राच्या मागे रिकामी जागा होती. तिथे चार बांबू रोवून तीन बाजूंना जुन्या साड्यांचा आडोसा केला, वरून उघडा, म्हणजे वारा खेळतो आणि बाईला कुणी बघत नाही. गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, तिला दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. पुढच्या वर्षी त्यातून पक्का आडोसा मागायचा असं आम्ही ठरवलं आहे. तुमच्याही गावात ही समिती आहे. तिच्यात बायका असतात. कागदावर असतात, बैठकीत असतात की नाही ते तुम्हीच बघा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असलं तर डबी मागायची. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषध फुकट. हल्ली बेडका नुसता दुर्बिणीखाली बघत नाहीत, यंत्रात घालतात. त्यातलं एक, ‘ट्रूनॅट’, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे. बॅटरीवर चालतं, म्हणून छोट्या दवाखान्यातही ठेवता येतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. जंतू नेहमीच्या औषधाला दाद देईल की नाही, हेही त्यावर कळतं. क्षयाच्या रुग्णाला औषध चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकार दर महिन्याला पैसे देतं. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते बाईच्या स्वतःच्या खात्यात यायला हवेत. नवऱ्याच्या खात्यात आले तर अंडी, शेंगदाणे कुणाच्या पोटात जातात ते आम्ही सांगायला नको. अडचण आली तर क्षयाची बिनपैशाची फोनसेवा आहे, १८००-११-६६६६.

हे झालं बेडक्याचं. पण मैत्रिणींनो, लाळ वाया गेली असं समजू नका. काही तपासण्यांना तीच चालते.

एचआयव्हीची एक तपासणी अशी आहे. दात घासायच्या ब्रशएवढी प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या टोकाला मऊ बोंडका. तो वरच्या हिरड्यांवरून एकदा आणि खालच्या हिरड्यांवरून एकदा फिरवायचा. मग पट्टी छोट्या बाटलीतल्या औषधात उभी करायची. वीस मिनिटांनी, पण चाळीस मिनिटांच्या आत, रेघा बघायच्या. एक रेघ आली तर लागण दिसत नाही. दोन आल्या तर पुढची पक्की तपासणी, रक्ताची. पट्टीवर रोगाचे विषाणू शोधत नाहीत. रोगाशी लढायला शरीर जे पहारेकरी तयार करतं, ते हिरड्यांतून झिरपणाऱ्या पाण्यात उतरतात. त्यांचा माग ही पट्टी काढते. म्हणून लाळेतून एचआयव्ही पसरतो असा अर्थ कुणी काढू नका. एका ताटात जेवून, एका पेल्यात पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही. कितीदा सांगितलं तरी हे पुन्हा सांगावं लागतं, कारण अजून वेगळा पेला ठेवणारी घरं आम्हाला ठाऊक आहेत.

ही पट्टी आपल्याच महाराष्ट्रात वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयात वापरून पाहिली होती. बाळंतपणासाठी आलेल्या, कळा सुरू झालेल्या बायकांचीही, रात्री-अपरात्री, त्यांना समजावून, त्यांना विचारून तपासणी केली. तोंडाच्या पट्टीने आणि बोटाच्या थेंबानेही, आणि नंतर पक्की तपासणी. २००८ साली त्याचा अहवाल छापला गेला. बाराशेहून जास्त बायका होत्या. बहुतेकींकडे आधी तपासणी झाल्याचा कागद नव्हता. त्यात १५ जणींना लागण निघाली, आणि त्यातल्या ११ जणींना तोवर पत्ताच नव्हता. कळा येत असताना कळलं म्हणून आईला आणि जन्मल्या जन्मल्या बाळाला औषध देता आलं. औषधच मिळालं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची भीती शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असते. वेळेवर औषध असेल तर ती पाचाच्या खाली येते. एका पट्टीवरच्या दोन रेघांवर एका बाळाचं आयुष्य अवलंबून असतं, ते असं. आता गरोदरपणात ही तपासणी सरकारी दवाखान्यात सगळ्यांची फुकट करतात, रक्तावर. ती पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या, कळांची वाट बघू नका.

अशा पट्ट्या सोप्या असल्या की दुसरी भीती येते. सुई नाही, रक्त नाही, मग कुणीही कुणाचीही तपासणी करेल. सासू सुनेची करेल, नवरा बायकोची. आमच्या बैठकीत एकीने विचारलंच, लग्नाआधी मुलीच्या नकळत करता येईल का? नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाला समजावून सांगून त्याची संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. आणि आम्ही तिला असंही विचारलं, मुलीच्याच का ग? मुलाची का नाही? ती हसली, पण उत्तर दिलं नाही.

गुळणीचीही एक तपासणी आहे, ती आपल्या नागपूरची. करोनात नाकात काडी घालायचे, आठवतं ना? डोळ्यांतून पाणी यायचं, लेकरं तर गडगडा लोळायची. काडी घालायला शिकलेला माणूस लागायचा, त्याच्या तोंडासमोरच रुग्ण खोकायचा. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने साधा मार्ग काढला. नळीत मिठाचं पाणी. ते घशात घेऊन पंधरा सेकंद गुळणी करायची आणि त्याच नळीत परत टाकायचं. घरात घसा बसला की आजी करायला लावते तीच गुळणी, फक्त पाणी मोरीत न टाकता नळीत. पुढे प्रयोगशाळेत ते एका द्रावणात मिसळून अर्धा तास ठेवतात, मग ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवतात आणि तपासतात. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, याला मान्यता दिली. सगळ्यात मोठा फायदा असा की बाई हे स्वतः करू शकते.

क्षयासाठीही जिभेवरून बोळा फिरवून नमुना घेण्यावर काही वर्षं काम चाललं आहे. खोकताना वर आलेले जंतू जिभेच्या मागच्या भागावर चिकटून राहतात, ते टिपायचे. बेडका न येणाऱ्या बायका, म्हातारी माणसं, मुलं यांना ते फार सोयीचं. पण जंतू थोडे असले की जिभेवर ते हुकतात, चांगल्या बेडक्यात जास्त सापडतात. म्हणून ज्यांना बेडका देता येतो त्यांनी तोच द्यावा.

आणि आता लेकरांची गंमत. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात घशाचा नमुना घ्यायला चक्क गोळीची दांडी बनवली आहे, जत्रेत मिळते तशी काडीवरची. काडीचं टोक चपटं, त्यावर गोल गोल खाचा, खाचांच्या वर गोड थर. मूल चोखतं, साखर विरघळते, लाळेतले जंतू त्या खाचांत अडकतात. मग काडी तपासणीला. अजून अभ्यासाच्या पायरीवर आहे, आपल्या दवाखान्यात मागू नका, मिळणार नाही. मग आम्ही का सांगतो? कारण ती ज्या जंतूसाठी बनवली, तो आपल्या पोरांच्या घशातही होतो. घसा लाल, गिळताना दुखतं, ताप, गळ्याखाली गाठी. आपण हळद-दूध देतो, दोन दिवसांत पोर खेळायला लागतं, आपण विसरतो. काही मुलांना मात्र दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा, पुन्हा ताप. त्याला सांधेताप म्हणतात आणि तो हृदयाच्या झडपा खराब करतो. पुढे तीच मुलगी मोठी होते, लग्न होतं, पहिल्या बाळंतपणात तिला धाप लागते, आणि तेव्हा कळतं की झडप लहानपणीच खराब झालेली. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा तापासकट दुखत असेल तर हळद-दूध जरूर द्या, पण आधी डॉक्टरला घसा दाखवा. औषध दिलं तर सांगितले तेवढे दिवस पूर्ण द्या.

आता राहिली मिशरी. तोंडाचा नमुना, तोंडाची तपासणी म्हणताना हे टाळून जाता येत नाही. आमच्या गटात एकवीस जणी, त्यातल्या नऊ जणी लावतात. आम्ही म्हणतो ‘आम्ही’, त्यात त्या नऊ जणी आहेतच, बोलणारीही त्यातलीच एक आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी आरोग्य मंदिरात फुकट करतात. तिथे डबी नाही, पट्टी नाही, नुसतं तोंड उघडायचं आणि बॅटरीच्या उजेडात ताई बघतात. गालाच्या आत पांढरा नाहीतर लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा छाला, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तीन बोटं उभी आत न जाणं. हे घरच्या आरशातही दिसतं. मागच्या महिन्यात आम्ही नऊ जणी एकत्र गेलो. एकीच्या गालात पांढरा चट्टा निघाला. तिला जिल्ह्याला पाठवलं आहे, तुकडा काढून तपासायला दिला आहे, निकाल यायचा आहे. त्या दिवसापासून तिने डबी उंबऱ्याबाहेर फेकली, मिशरीची. बाकीच्या आठ जणींचं म्हणाल तर तीन जणींनी सोडली, दोघी सोडली म्हणतात. उरलेल्यांचं आम्ही तुम्हाला पुढच्या बुधवारी सांगू.

तोवर एक काम करा. तुमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता जमा करून झाला की पाच मिनिटं काढा. एकीने उठून उभं राहायचं, खोल श्वास घ्यायचा आणि सगळ्यांसमोर पोटातून खोकून दाखवायचं. पहिल्यांदा सगळ्या हसतील. आमच्याकडेही हसल्या. मग ज्या बाईची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, तीच उठली आणि म्हणाली, असं नाही ग, मी दाखवते.